शुक्रवारचा हुंकार

सुजीतने फोन स्पीकरला जोडला, तेव्हा विभावरी जिवतीच्या कागदाला आघाडा-दुर्वांची माळ घालत होत्या. आघाडा मुलाने, वेदांगने, काल बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून आणला होता. एसीच्या गाडीतून आला तरी पानं मलूल झालीच. पाणी शिंपडून त्यांनी ती जरा उभारी धरतील अशी केली होती.

"सगळ्यांनी एकदा ऐका," सुजीत म्हणाला. "मग बोलू."

आधी नुसता एक संथ ठोका आला. धक्क्याला लागलेल्या लाँचचं इंजिन बंद व्हायच्या आधी घुमत राहतं, तसा. त्यावर तंबोऱ्यासारखं पण तंबोरा नसलेलं काहीतरी पसरत गेलं. आणि त्यातून एका बाईचा आवाज वर आला. वयस्कर, हळू, मराठी. ती गात नव्हती, सांगत होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबत होती, आणि त्या थांबण्यात दुसरं कुणीतरी "उं" म्हणत होतं.

सदानंदांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अहो, ही तर आपली शुक्रवारची कहाणी." मग ते बायकोकडे वळले. "आणि ही तर तू."

विभावरींचा हात माळेवरच राहिला. त्या काही बोलल्या नाहीत. बोलणार नव्हत्याच. आषाढीपासून त्यांचं मौन होतं: उठल्यापासून संध्याकाळची, मगरिबची अजान होऊन देवापुढे दिवा लागेपर्यंत. खुणाही नाहीत, लिहून दाखवणंही नाही. इतक्या वर्षांनी लेकीला, अवनीला, दिवस गेले होते, त्यासाठी धरलेलं व्रत. घराला त्याची सवय झाली होती. दूधवाल्या मल्याळी पोऱ्यालासुद्धा.

"ऑफिसातल्या एडविनच्या गाडीत लागलं होतं," सुजीत म्हणाला. "तिकडे अबू धाबीत, मुसफ्फ्याहून परत येताना. तो म्हणतो, सुजीत, यह तुम लोगों की भाषा है ना? मी म्हटलं, अरे बाबा, ही माझी सासू आहे."

"तोमोए सेगावा," अवनी म्हणाली. सोफ्यावर पाय वर घेऊन ती बसली होती. सातव्या महिन्यात पाय सुजायला लागले होते. "नवीन अल्बम, चार दिवसांपूर्वी आला. उद्या अबू धाबीला तिचा शो आहे. आणि शो कोण आणतंय?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. पुरणाचा हात तसाच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या शुभ्राकडे सगळ्यांनी बघितलं.

"ताई, मी हे आत्ता ऐकतेय," शुभ्रा म्हणाली.

"तू? दोन वर्षं तू त्या बाईच्या मागे आहेस. तिचं प्रत्येक गाणं तुला पाठ."

"अल्बम आला त्या दिवसापासून मी साइटवर आहे. झोपायला घरी येते. ऐकायला वेळ कुठे होता?"

"असं कसं," सुजीत सावकाश म्हणाला. तो ऑडिटमध्ये होता आणि घरातही त्याच आवाजात बोलायचा. "हा आवाज या घरात रेकॉर्ड झालाय. मागे कुकरची शिट्टी आहे, ऐक. मेट्रोचीसुद्धा घरघर आहे. त्या बाईला या घरात कोण घेऊन आलं होतं?"

मागच्या श्रावणात शुभ्राच घेऊन आली होती. शोची जागा बघायला आलेल्या तोमोएला हॉटेलचं जेवण सोसेना, म्हणून शुक्रवारी घरी वरण-भात खायला.

"मी तिचं सगळं काढलंय," सुजीत फोन सरकवत म्हणाला. "सोळाव्या वर्षी मुलींच्या पॉप ग्रुपमध्ये. सात जणी, सारखे फ्रॉक, सारख्या उड्या. मग ते सोडलं आणि कॉम्प्युटरवर ठोके वाजवायला लागली. त्यातून नाव झालं तर मध्येच जॅझ. मग सिनेमाचं संगीत. मग कोळ्यांची गाणी. एका जागी ठरत नाही."

"ठरायला ती काय मुलगी बघायला आलीय?" सदानंद म्हणाले.

सुजीतने फोन परत जवळ ओढला.

"बाबा, पुढे ऐका. तिच्या गावच्या बंदरात माशांचा लिलाव चालतो. तिथल्या एका म्हाताऱ्याचा पुकारा तिने न विचारता गाण्यात घातला होता. त्यावरून केवढा गदारोळ झाला. म्हणजे बाईला सवय आहे."

"ते खरं आहे," शुभ्रा म्हणाली. "पण अर्धंच वाचलंत तुम्ही. ती त्या म्हाताऱ्याकडे गेली, त्याच्या दारात बसली. तो वर्षभर तिच्याशी बोलला नाही, तरी जात राहिली. तेव्हापासून तिचा नियम आहे. ज्याचा आवाज घ्यायचा त्याच्यासमोर बसून ऐकायचं, आणि घरच्यांचा होकार असल्याशिवाय वापरायचा नाही. जुने चाहते प्रत्येक अल्बमला रागावतात तिच्यावर. पॉपवाले म्हणतात आम्हाला सोडलंस, मशीनवाले म्हणतात म्हाताऱ्यांची गाणी काय गातेस. पण चोर असं कुणी म्हणत नाही आता."

"मग होकार कुणी दिला?" अवनीने विचारलं. "आई, तू दिलास?"

विभावरींनी समई पुसायला घेतली होती. त्यांनी मान वर केली, मुलीकडे पाहिलं आणि पुन्हा समईकडे.

"बघ," अवनी म्हणाली. "नुसती मान हलवायची होती, तीही हलवली नाही. सुनेला सांभाळून घेतेय."

"ताई, आई आषाढीपासून कुणालाच मान हलवून उत्तर देत नाहीत. परवा बाबांनी चहा हवा का विचारलं, तरी नाही."

"आणि हवा होता," सदानंद म्हणाले. "नंतर सांगितलं मला. सात वाजता."

सुजीतने घसा साफ केला. "हे बघा, मला घरात तमाशा नकोय. पण इथे कुणाचा आवाज परवानगीशिवाय घेणं हा गुन्हा आहे. साधा नाही. पोलिसांच्या ॲपवर तक्रार टाकायची, उद्याचा शो आपोआप थांबतो. कंपनी खुलासा देत बसेल. मी सगळं भरून ठेवलंय, फक्त सबमिट करायचं आहे."

"कंपनी म्हणजे मी," शुभ्रा म्हणाली. "त्या बाईला या घरात आणणारी मी. माझा व्हिसा कंपनीचा आहे, सुजीतराव. आधी मला बोलावतील."

"तू काही केलं नसशील तर घाबरायचं कारण नाही."

हे वाक्य तो इतक्या मऊपणे बोलला, की शुभ्राच्या हातातलं पुरण गार झाल्यासारखं झालं.

"निदान आईंचं मौन सुटेपर्यंत थांबा," ती म्हणाली. "दीड तासच तर राहिलाय."

"आणि मग आई काय सांगणार?" अवनी म्हणाली. "या घरात राहायचं आहे तिला. तुझ्या घरात. तुझ्याविरुद्ध बोलेल ती?"

वेदांग आतापर्यंत लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. बायको आत गेली तसा तो उठला आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने मागोमाग गेला.

*

स्वयंपाकघरात शुभ्रा पोळी लाटायला लागली होती. लाटणं नेहमीपेक्षा जोरात फिरत होतं.

"शुभ्रा."

"बोल."

"तुझ्याकडून चुकून तर नाही ना गेलं? म्हणजे, एखादी क्लिप. तुझ्या फोनवर असेल, तिने मागितली असेल."

लाटणं थांबलं. "हे तू विचारतोयस, की ताईंनी विचारायला पाठवलंय?"

"मी विचारतोय. आधी माहीत असलेलं बरं. मग मला भावोजींशी बोलता येईल."

"मी दिली असती तर इतका वेळ गप्प बसले असते?"

"गप्प बसायला या घरात आपण सगळेच शिकलोय," वेदांग म्हणाला आणि लगेच त्याला ते बोलल्याचं वाईट वाटलं.

शुभ्राने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्याही मनात एक गोष्ट सकाळपासून नव्हे, तर गाणं वाजल्यापासून होती. आईंच्या फोनमधलं सगळं वेदांगच्या लॅपटॉपवर उतरतं. बॅकअप तोच घेतो. आणि तोमोएचा तो सर्वांत जुना चाहता. फ्रॉकमधल्या सात जणींचं पोस्टर हॉस्टेलवर लावणारा.

"तू नाही ना दिलीस?" तिने विचारलं.

"मी?"

"तुझ्याकडे आहेत आईंची सगळी रेकॉर्डिंग्ज."

"वेडी आहेस का तू."

"मी विचारलं तर वेडी. तू विचारलंस तर आधी माहीत असलेलं बरं."

बाहेर मेट्रो गेली. ओट्यावरची वाटी थरथरली. लग्नाला नऊ वर्षं झालेली ती दोघं एकमेकांकडे अशी बघत होती, जणू दुसऱ्याच्या खिशात काय आहे याचा अंदाज घेत आहेत.

"तोमोएला फोन लाव," वेदांग म्हणाला. "एका मिनिटात खलास होईल सगळं."

"विमानात आहे ती. रात्री उतरेल. तिच्या ऑफिसला तीन मेल केलेत, तिकडे रात्र झालीय." शुभ्राने पोळी तव्यावर टाकली. "तोपर्यंत तुझे भावोजी सबमिट करतील."

*

विभावरी सगळं ऐकत होत्या. बोलायचं नसलं की माणसाला किती ऐकू येतं, हे त्यांना या श्रावणात कळलं होतं.

त्या घाबरल्या नव्हत्या. गाणं वाजलं तेव्हा नुसती लाज वाटली होती. आपला आवाज असा ठोक्यावर बसलेला, कुणाच्या गाडीत, कुणाच्या कानात. आणि मग तो "उं" ऐकून मागच्या वर्षीची दुपार समोर उभी राहिली.

कहाणी नुसती सांगायची नसते. ऐकणारं कुणी हवं, त्याच्या हातात अक्षता हव्यात, आणि त्याने प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायला हवा. हुंकार नसेल तर कहाणी देवापर्यंत पोचत नाही. त्या दिवशी शुभ्रा अक्षता घेऊन बसली आणि तिचा फोन वाजला. ती बाल्कनीत गेली ती गेलीच. पुरुषमाणसं ऑफिसात. विभावरी ताम्हनासमोर एकट्याच. तेव्हा ती जपानी बाई, अकाली पांढऱ्या केसांची, गुडघे मुडपून समोर येऊन बसली आणि तिने ओंजळ पुढे केली. शब्द एक कळत नव्हता तिला. पण बरोबर जागेवर थांबून "उं" म्हणत होती. तिच्या देशात समोरचा बोलत असला की अशीच साथ देतात म्हणे. इतक्या वर्षांत असं ऐकलं नव्हतं कुणी त्यांना.

कहाणी त्या श्रावणात दर शुक्रवारी आणि एरवी सणावारी फोनवर अवनीसाठी रेकॉर्ड करून पाठवत. जिवतीचं औक्षण मुलांसाठी. मूल लांब असेल तर त्या दिशेला अक्षता टाकायच्या. अबू धाबीच्या दिशेने त्या बाल्कनीतून टाकायच्याच, पण अक्षतांबरोबर आवाजही जावा असं त्यांना वाटे. त्या दिवशी कहाणी संपल्यावर बाईने छातीवर हात ठेवून, फोनकडे बोट दाखवून, तोडक्यामोडक्या इंग्रजीत तो आवाज मागितला. गाण्यासाठी. आणि म्हणाली, फॅमिली, यस? तेव्हा विभावरींनी त्याच निरोपाच्या शेवटी विचारलं होतं, अवनी, काय करू? तू सांग.

चहाला आधण यायच्या आत अवनीचं उत्तर आलं. जोडलेले दोन हात. त्यांनी फोन बाईच्या हातात दिला. शुभ्राला सांगायचं राहिलं. नंतर संकोच वाटला. या वयात गाण्यात आवाज दिला म्हणजे काय! शिवाय खरंच गाणं होईल असं कुठे वाटलं होतं.

म्हणून त्या वाट बघत होत्या. आता अवनी म्हणेल, अरे हो, मीच हो म्हटलं होतं. गर्भारपणात विसरायला होतं. आठवेल तिला.

बाहेर अवनी वेदांगला सांगत होती, "मला एका शब्दाने कुणी विचारलं नाही. विचारलं असतं ना, तर मी स्पष्ट नाही म्हटलं असतं. आपल्या देवाची कहाणी ही. नाचायला आहे का?"

विभावरींच्या हातातलं समईचं फडकं थांबलं.

मुलीच्या आवाजात त्या खोटं शोधत होत्या. आईला सापडतं ते. सापडेना. अवनी खरं बोलत होती. तिला खरंच कुणी विचारलेलं नव्हतं.

चहाला आधणही आलं नव्हतं तेव्हा. कहाणी तर त्याहून कितीतरी लांब. ऐकून उत्तर द्यायला वेळ पुरला असता का? हा हिशोब त्यांनी वर्षभरात कधी केला नव्हता.

"चला, मी टाकतो," बाहेरून सुजीतचा आवाज आला. "उगीच उशीर नको."

आता तोंड उघडलं तर सून वाचत होती. आणि व्रत मोडत होतं, ते ज्या जिवासाठी धरलं तो जीव मुलीच्या पोटात, समोर. शिवाय बोलायचं काय? जावयासमोर सांगायचं, की माझी मुलगी माझं ऐकत नाही?

त्यांनी देवाकडे पाहिलं. देवाने नेहमीप्रमाणे काही सांगितलं नाही. मग त्यांनी अक्षतांची वाटी उचलली.

*

विभावरी बाहेर आल्या आणि कहाणीच्या वेळी वाटतात तशा एकेकाच्या हातात अक्षता ठेवत गेल्या. सदानंदांच्या. वेदांगच्या. शुभ्राला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणून बसवलं. सुजीतचा अंगठा फोनवर होता. त्यांनी त्याच्या उजव्या हातातला फोन काढून टीपॉयवर ठेवला आणि ओंजळीत अक्षता घातल्या.

"अहो आई, एक मिनिट..."

"सुजीतराव, घ्या," सदानंद म्हणाले. "हातात अक्षता आल्या की मध्ये उठायचं नसतं, बोलायचं नसतं. माझी चाळीस वर्षं त्यातच गेली."

"पण सांगणार कोण? त्यांचं तर मौन आहे."

शेवटच्या अक्षता अवनीच्या हातात पडल्या, इतरांपेक्षा मूठभर जास्तच. मग विभावरींनी आपला फोन उघडला आणि बोटाने मागे जायला लागल्या. आषाढ, चैत्र, पौष. एकादश्या, चतुर्थ्या, सण. त्यांचा एक निरोप, खाली जोडलेले हात. एक निरोप, जोडलेले हात. मागच्या श्रावणाशी त्या थांबल्या, फोन जिवतीच्या पुढ्यात उभा केला आणि आपणही अक्षता घेऊन बसल्या.

शुभ्रा त्यांच्या शेजारी होती. तिला स्क्रीन दिसत होती. प्रत्येक निरोपाशेजारचा छोटा माइक करडा होता. ऐकला की तो निळा होतो, हे विभावरींना ठाऊक नव्हतं. शुभ्राला होतं. तिने एकदा अवनीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

कहाणी सुरू झाली. ठोका नव्हता, घुमणं नव्हतं. नुसता आवाज, आटपाट नगरापासून. बाळ दुरावलेल्या आईची ती कहाणी सगळ्यांनी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेली, की कुणी खरं ऐकत नसे. पहिल्या वाक्यानंतर तो "उं" आला.

अवनीने चमकून पाहिलं. ओठांनी नुसतं विचारलं: कोण?

"तोमोए," शुभ्रा अक्षतांकडे बघत पुटपुटली. "समोर बसलीय ती."

मध्ये कुकरची शिट्टी झाली. मध्ये लांबून शुभ्राचा आवाज आला, बाल्कनीतून, साउंडच्या परवानगीबद्दल कुणाशी तरी हिंदीत भांडणारा. वेदांगने डोळे मिटले. हीच ती वेळ, जेव्हा त्याच्या बायकोने आवाज चोरला असं तो तासाभरापूर्वी मानायला तयार झाला होता. सुजीतच्या तळहाताला घाम आला होता, दाणे चिकटले होते. त्याचा फोन टीपॉयवर आपोआप काळा झाला.

कहाणी संपली. पण निरोप संपला नव्हता.

"अवनी," फोनमधल्या विभावरी म्हणाल्या, थोड्या दमलेल्या, थोड्या खुशीत. "आज एक परदेशी बाई ऐकायला बसलीय गं. फार छान हुंकार देते. तिला हा आवाज गाण्यात घ्यायचाय. घरच्यांनी हो म्हटलं तरच म्हणते. मला यातलं काही कळत नाही, आणि घरात आत्ता कुणी नाही. तू शहाणी आहेस. देऊ का? तू म्हणशील तसं करते." मग जरा थांबून, "ऐकतेयस ना?"

सुजीत पुढे झुकला. निरोपाखाली जोडलेले दोन हात होते. बायकोने पाठवलेले. त्याने ते पाहिले, मग बायकोकडे पाहिलं, आणि ऑडिटमधला प्रश्न त्याच्या तोंडापर्यंत येऊन थांबला.

अवनीच्या मुठीतून तांदूळ गळत होते.

"मी," ती म्हणाली. "मी हो म्हटलं होतं. विसरलेच होते."

"विसरलीस?" सुजीत म्हणाला.

"विसरले म्हटलं ना. तेव्हा डॉक्टरांच्या फेऱ्या चालल्या होत्या. ती तक्रार काढून टाक."

"पण तू तर मगाशी..."

"काढ, सुजीत."

त्याने हातावरचे दाणे झटकले आणि फोन उचलला. त्याला पटलं नव्हतं. पण भरलेलं सगळं पुसून टाकताना त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही.

अवनीने शुभ्राकडे पाहिलं. शुभ्राने ते करडे माइक पाहिलेत, हे तिला त्या क्षणी कळलं. एक वाक्य पुरलं असतं. दुपारभर जे ऐकून घेतलं त्याची सगळी परतफेड त्या एका वाक्यात झाली असती. अवनी त्याची वाट बघत राहिली.

"होतं असं, ताई," शुभ्रा म्हणाली. "कामाच्या गडबडीत." आणि तिने सासूबाईंचा फोन उचलून, स्क्रीन बंद करून त्यांच्या मांडीवर ठेवला.

अजान झाली. शेजारच्या मशिदीची आधी, मग लांबची, एकात एक मिसळत. विभावरी उठल्या. समई लावली. सगळ्यांच्या अक्षता गोळा करून जिवतीला वाहिल्या, निरांजन घेतलं, मुलाला ओवाळलं, मुलीला ओवाळलं. अवनी आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता मौन सुटलं होतं. आता ती काहीही विचारू शकत होती. प्रत्येक निरोप, प्रत्येक एकादशी. आईला कळलंय का? किती कळलंय?

विभावरींनी निरांजन खाली ठेवलं. मुलीच्या कपाळावरचा कुंकवाचा सांडलेला कण बोटाने टिपला. दिवसभरात वापर नसल्याने आवाज जरा घोगरा आला.

"पानं घे," त्या म्हणाल्या. "आणि शुभ्राला आधी वाढ."

शुक्रवारी पहिलं पान माहेरवाशिणीचं. या घरात ते कधी बदललं नव्हतं. सदानंदांनी चष्म्यावरून पाहिलं, वेदांग उठून उगीच पाण्याचे पेले मांडायला लागला. अवनी कमरेला हात देऊन सावकाश उठली. तिने पाट मांडला, ताट मांडलं, मीठ-लिंबू वाढलं. मग गरम पुरणपोळी आणि तिच्यावर तूप.

तुपाची धार पडत राहिली. पुरे म्हणून शुभ्राने हात आडवा केला नाही. हसलीही नाही. ताटाकडे बघत, अवनी थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली.